राजबंदर कुठंय? विचारणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

घरचा पाच दिवसांचा गणपती आटोपून तुम्ही लेकीकडे, आमच्या बी विंगमध्ये, दोनच दिवस राहिलात. गडबडीत आभार मानायचे राहिले. म्हणून हे पत्र, सोसायटीतल्या सगळ्यांसमोर.

यंदा तुमच्या घारापुरीचा, म्हणजे मुंबईजवळच्या एलिफंटा बेटाचा, देखावा करायची कल्पना माझी. पुठ्ठ्याचं बेट, निळा कागद, आणि पाटीवर माझी हुशारी: 'घारींची पुरी ती घारापुरी.' आरतीनंतर प्रसादाचा द्रोण हातात धरून तुम्ही बराच वेळ बघत राहिलात. मग एवढंच विचारलंत, "राजबंदर कुठंय?"

मी ऐटीत जेट्टी दाखवली. "ते शेतबंदर. लाँच तिथं लागते." आणि खडू घेऊन तुम्ही पार्किंगच्या फरशीवर बेटच काढलंत. दोन डोंगर, मधली घळ, वायव्येला शेतबंदर, ईशान्येला तुमचं मोराबंदर, दक्षिणेला राजबंदर. कडेनं तिवरं, ओहोटीला उघडा पडणारा चिखल. तिन्ही वाड्यांच्या नावांत बंदर! "होडी लागते तिथलं नाव आमचं. हत्ती पाहुण्यांचा," म्हणालात.

तो हत्तीही मी शेतबंदरावर उभा केला होता. पोर्तुगिजांनी दगडी हत्ती पाहिला राजबंदराच्या बाजूला, त्यावरून एलिफंटा. 1864 मध्ये त्याचे तुकडे मुंबईला गेले, आता तो राणीच्या बागेत आहे. बेटावर उरलं नुसतं नाव.

घारींबद्दल तुम्ही फक्त "पुण्यात नाहीत होय घारी?" म्हणालात. मुकाट्यानं ग्रंथालय गाठलं. कुणी हे नाव 'अग्रहारपुरी'वरून आलं म्हणतात. इसवी सन 634 च्या ऐहोळे शिलालेखात चालुक्य राजा पुलकेशीनं पश्चिम समुद्रावरची 'पुरी' घेतल्याचं येतं. ती हीच, असं काही अभ्यासक मानतात, काही मानत नाहीत. पाटी त्याच रात्री उतरवली.

समुद्राखालून केबल येऊन बेटावर वीज पोचली ती 2018 मध्ये, त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर, हेही तुमच्याकडूनच कळलं. इथं दहा मिनिटं लाईट गेली की ग्रुपवर बोंब!

खडूचा नकाशा गाड्या धुताना गेला, पण त्याआधी मी फोटो काढून ठेवला होता. हत्ती दक्षिणेला हलवलाय. मोराबंदराला एक होडी लावायची आहे. तुमच्या होडीचा रंग कोणता, तेवढं लेकीला फोनवर सांगा. विसर्जनाला दोन दिवस आहेत.

तुमचा,
देखाव्यावाला, बी विंग