घरकामाचा हिशेब मांडणारा खेळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्हिडिओ गेमविषयी आपल्या वृत्तपत्रांतून जे छापून येते, ते बहुधा दोनच ठिकाणी असते : मुलांच्या व्यसनाची चिंता करणाऱ्या पुरवणीत, किंवा एखाद्या मोठ्या कंपनीची खरेदी-विक्री झाली की अर्थविषयक पानावर. नाटकाची किंवा चित्रपटाची समीक्षा करताना कथानकापलीकडे जाऊन त्यातली जीवनदृष्टी तपासण्याची सवय आपल्याला आहे. खेळाच्या बाबतीत मात्र त्याचे नियम काय सांगतात, हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. ‘द सिम्स’ या कुटुंब चालवण्याच्या खेळाबाबत ही उणीव मला विशेष जाणवते. कथा-कादंबऱ्यांत एका वाक्यात उरकली जाणारी घरातली रोजची कामे या खेळात मध्यवर्ती आहेत, आणि त्यांची किंमत कोण मोजतो याविषयी त्याच्या नियमांत एक ठाम म्हणणे आहे.

खेळाचा उगम थोडक्यात सांगतो. ‘सिमसिटी’ (१९८९) या शहर वसवण्याच्या खेळाचे निर्माते विल राइट यांचे घर ऑक्टोबर १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या टेकड्यांवर लागलेल्या वणव्यात भस्मसात झाले. संसार नव्याने उभा करताना कोणत्या वस्तू खरोखर लागतात आणि का लागतात, या विचारातून त्यांना घर बांधण्याच्या खेळाची कल्पना सुचली. वास्तुरचनाकार क्रिस्टोफर अलेक्झांडर यांच्या मांडणीचा तिच्यावर प्रभाव होता आणि घरात वावरणारी माणसे सुरुवातीला केवळ त्या वास्तूला गुण देण्यापुरती होती. पुढे ती माणसेच वास्तूपेक्षा रंजक ठरली. राइट यांच्या मॅक्सिस कंपनीतील वरिष्ठांना मात्र ही नुसती भातुकली वाटली आणि प्रकल्प अनेक वर्षे रेंगाळला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने मॅक्सिस विकत घेतल्यानंतर, फेब्रुवारी २००० मध्ये खेळ बाजारात आला आणि दोनच वर्षांत, ‘मिस्ट’ या गाजलेल्या खेळाला मागे टाकून, तोवरचा सर्वाधिक खपाचा संगणकीय खेळ ठरला.

पहिल्या आवृत्तीत प्रत्येक पात्राच्या आठ गरजा असतात : भूक, आराम, स्वच्छता, शौच, झोप, करमणूक, सहवास आणि भोवतालच्या खोलीची अवस्था. नेहमीच्या वेगाने खेळले, तर खऱ्या एका सेकंदात खेळातला एक मिनिट संपतो, म्हणजे चोवीस मिनिटांत दिवस मावळतो. या वेगामुळेच घरकामाचे वजन कळू लागते. स्वयंपाक करायचा तर फ्रीजपाशी जायचे, ओट्यावर तयारी करायची, शेगडीवर शिजवायचे, ताटे मांडायची, जेवायचे आणि मग ती उचलून धुवायची. यातली प्रत्येक पायरी त्या चोवीस मिनिटांतून वजा होते. ज्याला स्वयंपाक नीट येत नाही, त्याच्या हातून शेगडीला आगही लागू शकते. खरकटी भांडी तशीच राहिली की त्यांवर माश्या घोंघावतात, खोलीचा गुण घसरतो आणि तेथे बसलेल्या सगळ्यांचेच मन उतरते. पसाऱ्याचा त्रास असा सर्वांना सारखा होत असला, तरी तो आवरण्याची वृत्ती सर्वांत सारखी नसते. टापटीप, मिळून-मिसळून राहणे, चपळपणा, खेळकरपणा आणि सौजन्य या पाच गुणांमध्ये प्रत्येक पात्राला पंचवीस अंश वाटून द्यायचे असतात. टापटिपीचे अंश ज्याला कमी, तो जेवल्या जागी ताट सोडून खुशाल उठतो.

मग ते ताट उचलायला कोणाला सांगायचे? खेळाचे नियम पुरुष आणि स्त्री असा भेद येथे करत नाहीत. भांडी घासणे, संडास धुणे, कचरा टाकणे ही कामे कोणतेही प्रौढ पात्र सारख्याच रीतीने करते. हुकूम देणारा खेळाडू असतो. त्यामुळे आपण ज्याला पुन्हा पुन्हा सिंककडे पाठवतो, त्याची निवड आपल्या डोक्यातल्या सवयीने झालेली असते, आणि खेळ त्याबद्दल शाबासकी देत नाही की दोषही देत नाही. घरातल्या सगळ्यांनी आळीपाळीने हा खेळ खेळून पाहावा आणि कोण कोणाला कामाला लावतो ते एकमेकांना दाखवावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. निदान वाद तरी चांगला रंगेल.

परंतु मला सर्वांत मोलाचा वाटतो तो बढतीचा नियम, आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. पहिल्या आवृत्तीत नोकरीला साप्ताहिक सुट्टी नाही. रोज ठरल्या वेळी दारात गाडी येते, तासभर थांबते आणि निघून जाते. वरच्या पदावर जाण्यासाठी स्वयंपाक, यंत्रदुरुस्ती, वक्तृत्व, शरीरबळ, तर्क, सर्जनशीलता यांपैकी आवश्यक ती कौशल्ये लागतात, मनःस्थिती चांगली असावी लागते, आणि त्याशिवाय कुटुंबाच्या मित्रांची एक किमान संख्या लागते. ‘कुटुंबाच्या’ हे येथे महत्त्वाचे आहे : नोकरी करणाऱ्याचेच मित्र मोजले जातात असे नाही, घरातील कोणीही जोडलेली मैत्री त्या हिशेबात धरली जाते. दुसरीकडे, मैत्री टिकवली नाही तर ती दिवसागणिक ओसरत जाते. आता दिवसभर कामावर असलेले, संध्याकाळी भुकेले आणि थकलेले परत येणारे पात्र फोन करून लोकांना बोलावणार कधी, त्यांच्याशी गप्पा मारणार कधी आणि झोपणार कधी? ते काम साहजिकच घरी राहणाऱ्याकडे येते. शेजाऱ्यांचे स्वागत करणे, कोणाला किती दिवसांत भेटलो नाही हे लक्षात ठेवणे, आलेल्यांना जेवू घालणे, त्यांच्यामागे भांडी आवरणे, या साऱ्याचा पगार शून्य; पण त्याच्याशिवाय दुसऱ्याचा पगार वाढत नाही. (बढतीचा संदेश येतो तेव्हा त्यात नाव मात्र नोकरदाराचेच असते.) एखाद्या अर्थशास्त्रीय लेखात जो मुद्दा पानभर युक्तिवादाने पटवावा लागला असता, तो येथे नियमाच्या रूपाने खेळाडूच्या अंगवळणी पडतो.

या खेळावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा, की तो चंगळवाद शिकवतो : महाग सोफा घ्या, आराम लवकर भरेल, मोठा टीव्ही घ्या, करमणूक वाढेल. आक्षेप निराधार नाही. खेळातल्या प्रत्येक वस्तूला आपण कोणती गरज किती भागवू हे आसपासच्या पात्रांना सतत ‘जाहीर’ करण्याची सोय दिलेली आहे, आणि पात्रे त्या जाहिरातींना भुलूनच हालचाल करतात. तथापि राइट यांनीच म्हटले आहे की यामागे उपहास होता; वेळ वाचवण्याचे आश्वासन देणाऱ्या वस्तूंनी घर भरले की शेवटी त्याच वस्तू वेळ खाऊ लागतात. त्या मोडतात, तुंबतात, गळतात, साफ कराव्या लागतात, आणि पैसे देणारा ‘रोजबड’ हा प्रसिद्ध गुप्त शब्द कितीही वेळा टाइप केला तरी दिवसाचे मिनिट वाढत नाहीत. उपहास बहुतेकांच्या लक्षात आला नसावा, ही त्या उपहासाची मर्यादा मान्य करायला हवी.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. वस्तू कशी वापरायची याची माहिती पात्रांऐवजी वस्तूतच साठवलेली असल्यामुळे मूळ खेळाला धक्का न लावता नव्या वस्तू त्यात घालता येतात. तंत्र म्हणून ही रचना अतिशय सुंदर आहे. पण त्याच सोयीने कुटुंबजीवन तुकड्यातुकड्याने विकण्याचा रस्ता मोकळा झाला. २००० ते २००३ या काळात पहिल्या आवृत्तीला जोडायच्या सात विकतच्या पुरवण्या निघाल्या आणि पुढील आवृत्त्यांत हे दुकान वाढतच गेले. चौथी आवृत्ती सप्टेंबर २०१४ मध्ये आली तेव्हा तिच्यात दुडदुडत्या वयाची मुलेच नव्हती. ती जानेवारी २०१७ मध्ये आली, आणि रांगती बाळे मार्च २०२३ मध्ये. ही दोन्ही भर विनामूल्य होती हे खरे, आणि चौथ्या आवृत्तीचा मूळ खेळही ऑक्टोबर २०२२ पासून फुकट मिळतो. तरीही ज्या वयात माणसाला सर्वांत जास्त सांभाळावे लागते, नेमके तेच वय वगळून कुटुंबाचा खेळ विकायला काढावासा वाटला, यातून निर्मात्यांचा प्राधान्यक्रम दिसतो.

दुसऱ्या आवृत्तीने (२००४) पात्रांना वय दिले, आईवडिलांचे नाक-डोळे मुलांत उतरवले. तिसरीने (२००९) संपूर्ण वस्ती खुली केली. चौथीने भावभावनांना महत्त्व दिले. पात्रे देखणी झाली, पण घर चालवणे सोपे होत गेले आणि पहिल्या आवृत्तीतली वेळेची कडक टंचाई सैल पडली. दुसऱ्या आवृत्तीत म्हातारपण आले, निवृत्तिवेतनही आले, परंतु शुश्रूषा काही आली नाही : वृद्ध पात्र हिंडते-फिरते असते आणि एके दिवशी मृत्युदूत येऊन त्याला घेऊन जातो, मधल्या काळात कोणाला त्याची उशापायथ्याशी सेवा करावी लागत नाही. घरकामाचा इतका बारकाईने हिशेब ठेवणाऱ्या मालिकेत ही जागा इतकी वर्षे कोरी राहावी, हे मला खटकते.

माझी विनंती अशी की आपल्या वृत्तपत्राने अशा खेळांची रीतसर समीक्षा छापावी, आणि ती खेळून पाहिलेल्या व्यक्तीकडून लिहून घ्यावी. दक्षिण कोरियातील क्राफ्टन कंपनीचा ‘इनझोई’ हा याच जातीचा खेळ मार्च २०२५ पासून प्राथमिक स्वरूपात उपलब्ध आहे. त्यातील चित्रांच्या सफाईवर लिहिणारे पुष्कळ भेटतील. आपल्या समीक्षकाने त्यात खरकटे ताट किती वेळ पडून राहते, ते उचलल्याने कोणाचा दिवस खर्च होतो आणि बढती कोणाच्या जिवावर मिळते, एवढे जरूर पाहून सांगावे.

कळावे,
आपला,
एक वाचक