व्हिलारियलच्या मैदानावरील फुटबॉल सामन्याचे घेतलेले पैसे परत मिळण्याबाबत

दिनांक: 12 जानेवारी 2026

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(कॉलेज रोड, नाशिक शाखेमार्फत)

महोदय,

जुलै 2025 मध्ये मी आपल्या कॉलेज रोडच्या शाखेत माझे आणि माझ्या मुलीचे स्पेन सहलीचे बुकिंग केले. माणशी 2,45,000 रुपये, दोघांचे 4,90,000. मी सातपूरला कारखान्यात नोकरी करतो. एवढ्या पैशांसाठी मुदत ठेव मोडावी लागली. ती मोडली एका सामन्यासाठी, आणि हे मी बुकिंगच्या दिवशीच आपल्या प्रतिनिधीला सांगितले होते. आपण दिलेल्या कार्यक्रमपत्रिकेत सातव्या दिवसासमोर स्पष्ट छापले आहे: ‘व्हिलारियल विरुद्ध बार्सिलोना, 20 किंवा 21 डिसेंबर, एस्तादिओ दे ला सेरामिका, तिकिटासह’. सेरामिका म्हणजे स्पेनमधल्या व्हिलारियल या छोट्या गावाच्या क्लबचे मैदान. तिकिटाचे माणशी 28,000 रुपये पावतीवर वेगळे दाखवले आहेत.

व्हिलारियलच कशाला, असे आपल्या शाखेत मला हसत विचारले गेले, म्हणून सांगतो. 26 मे 2021 ला युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची अंतिम लढत होती. दुसऱ्या लाटेचे दिवस, घरात आजारपण, झोप कोणालाच नव्हती. सहावीतली माझी मुलगी माझ्याशेजारी बसून पहाटेपर्यंत तो सामना पाहत होती. पेनल्टीवर व्हिलारियलच्या सगळ्या अकरा जणांनी गोल केले. शेवटचा गोल त्यांचा गोलरक्षक रुली याने मारला आणि लगेच मँचेस्टर युनायटेडच्या गोलरक्षकाचा फटका अडवला. 11-10. सिन्नरएवढ्या गावाच्या क्लबने युनायटेडला हरवले. त्या दिवसापासून तिच्या कपाटाच्या दारावर पिवळी जर्सी आहे. दहावी झाल्यावर ते मैदान दाखवीन, असा शब्द मी तिला दिला होता.

ऑगस्टमध्ये स्पॅनिश फुटबॉल महासंघाने हा सामना अमेरिकेत, मायामीला नेण्यास संमती दिली. दोनच दिवसांत आपल्या शाखेतून फोन आला. “सर, मॅच मायामीला शिफ्ट झालीय. थोडे पैसे वाढवले की मायामीचं पॅकेज देतो, तुमचा उलट फायदाच आहे!” मी म्हटले, अजून युएफाची, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाची, परवानगी यायची आहे, थांबू या. सप्टेंबरमध्ये मला न विचारता सुधारित कार्यक्रमपत्रिका आली. सातव्या दिवसाच्या जागी ‘व्हॅलेन्सिया, खरेदीसाठी मोकळा दिवस’ आणि बार्सिलोनात एका संग्रहालयाची भर. वर ‘बदल शुल्क’ म्हणून माणशी 9,000 रुपये. ते भरले नाहीत तर व्हिसाची कागदपत्रे पुढे जाणार नाहीत, असे सांगितल्यामुळे मी 18,000 रुपये भरले. तिकिटांचे 56,000 मात्र आपल्याकडेच राहिले.

माझी पहिली तक्रार या घाईची आहे. परदेशात सामना खेळवायचा बेत मोडतो, हे या धंद्यातल्या माणसाला ठाऊक असायला हवे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने 2008 मध्ये नेहमीच्या 38 सामन्यांवर जादा 39 वा सामना परदेशात खेळवण्याची कल्पना मांडली. प्रेक्षकांनी ती हाणून पाडली. 2018 मध्ये याच ला लीगाने, म्हणजे स्पेनच्या मुख्य फुटबॉल लीगने, जिरोना-बार्सिलोना सामना मायामीला न्यायचे ठरवले. विरोध झाला आणि बार्सिलोनाने माघार घेतली. या वेळीही युएफाने 6 ऑक्टोबरला परवानगी दिली ती नाराजीने, हा पायंडा पडू नये असे बजावून. मग ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात ला लीगाचे खेळाडू सामना सुरू होताच 15 सेकंद जागच्या जागी उभे राहिले. टीव्हीवर तेवढा वेळ स्टेडियम बाहेरून दाखवले, पण निषेध काही लपला नाही. हे सगळे उघड घडत असताना आपण मात्र सप्टेंबरमध्येच आमचा सातवा दिवस पुसून टाकला होता.

21 ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होते. आवराआवर होईपर्यंत रात्र झाली. व्हिलारियलचा मँचेस्टर सिटीशी चॅम्पियन्स लीगचा सामना होता, त्याच सेरामिकावर, म्हणून मुलगी जागी होती. मध्यंतरात बातमी आली: मायामीचा सामना रद्द. पाडव्याच्या पहाटे दीडच्या सुमारास तिने मला हलवून उठवले. “बाबा, परत आला! आपल्याकडे परत आला!” सामना व्हिलारियललाच होणार होता, 21 डिसेंबरला. म्हणजे आपण मूळ पत्रिकेत छापलेल्याच मैदानावर.

दिवाळीनंतर शाखा उघडली त्याच दिवशी मी तिथे गेलो, ईमेलही केला. सामना पुन्हा कार्यक्रमात घ्या, पैसे आपल्याकडे आहेतच, एवढेच मागणे होते. उत्तर आले की तिकीट आता ‘चालू दराने’ माणशी 61,000 रुपये, शिवाय नवे बदल शुल्क. जुन्या 56,000 बद्दल विचारले तर ‘आयोजकांच्या निर्णयामुळे झालेला बदल, परतावा लागू नाही’. आयोजकांचा निर्णय तर रद्द झाला होता. उरला होता तो आपला.

21 डिसेंबरला आम्ही व्हॅलेन्सियात होतो. तिथून व्हिलारियल साठेक किलोमीटर, म्हणजे नाशिकहून शिर्डीला जावे त्याहूनही जवळ. क्लबच्या संकेतस्थळावर आम्हाला तिकीट मिळाले नाही. बाकीचे लोक खरेदीला गेले. मुलगी पिवळी जर्सी घालून हॉटेलच्या लॉबीत बसली आणि मोबाइलच्या पडद्यावर सामना पाहिला. बार्सिलोना 2-0 ने जिंकले. हरल्याचे तिला फारसे वाटले नाही. पडद्यावर सेरामिकाचा पिवळा स्टँड आला तेव्हा तिने मोबाइल माझ्या हातात दिला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

आपल्या प्रतिनिधीने मला फोनवर म्हटले होते, “मॅच ती मॅचच, कुठे का होईना.” मला हे अजिबात मान्य नाही. ला लीगात 20 संघ, प्रत्येकाचे 38 सामने, त्यांतले 19 घरच्या मैदानावर. बार्सिलोनासारखा पाहुणा गावात वर्षातून एकदा येतो. तोच सामना उचलून सात हजार किलोमीटर पलीकडे विकला, तर वर्षभर पावसाथंडीत येणाऱ्या माणसाच्या हातात काय राहते? आयपीएल 2009 मध्ये दक्षिण आफ्रिकेत खेळवावी लागली ती लोकसभा निवडणुकीमुळे. इथे तशी काही अडचण नव्हती, फक्त नफा होता. नाशिककराला हे समजावून सांगावे लागत नाही. जानेवारी 2025 मध्ये गोल्फ क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र-बडोदा रणजी सामना झाला, तेव्हा आम्ही बापलेक सकाळी तिथे हजर होतो. तो सामना कोणी जास्त पैसे देतो म्हणून दुबईला नेला असता, तर आपल्यालाही राग आला असता ना?

आणि हे एकदाच घडलेले नाही. आपल्या शाखेच्या काचेवर डिसेंबरपर्यंत ‘मिलान-कोमो, पर्थ, 8 फेब्रुवारी’ असे पोस्टर होते आणि त्याची आगाऊ रक्कम घेतली जात होती. मिलानच्या सान सिरो मैदानावर हिवाळी ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा असल्यामुळे इटलीच्या लीगने तो सामना ऑस्ट्रेलियात न्यायचे ठरवले होते. डिसेंबरमध्ये तोही रद्द झाला. ज्यांनी त्यासाठी पैसे भरले त्यांनाही माझ्यासारखेच उत्तर मिळू नये.

माझी मागणी अशी: तिकिटांचे 56,000 आणि बदल शुल्काचे 18,000, एकूण 74,000 रुपये, बुकिंगच्या तारखेपासूनच्या व्याजासह परत करावेत. सामना कार्यक्रमातून कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणत्या तारखेला काढला, हे लेखी कळवावे. यापुढे लीग आणि युएफाची अंतिम परवानगी येण्याआधी कोणत्याही ग्राहकाचा सामना बदलू नये.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथेची तक्रार दाखल करीन. पावत्या, दोन्ही कार्यक्रमपत्रिका आणि ईमेलच्या प्रती जोडल्या आहेत. रक्कम ज्या खात्यातून भरली त्याच खात्यावर जमा करावी.

आपला,
सिडको, नाशिक येथील एक ग्राहक