ॲन की जेन?

सांगली,
रविवार, रात्र

प्रिय मेधा,

इंग्लंडमधल्या लाइम रीजिसचे फोटो मिळाले. कॉबच्या दगडी धक्क्यावर तू उभी आहेस, ओढणी वाऱ्याने पार मागे उडालीय आणि बाजूच्या भिंतीतून त्या पायऱ्या बाहेर आल्यात, तिथले लोक ज्यांना ‘आजीचे दात’ म्हणतात. पर्सुएशनमधली लुइझा मसग्रोव्ह इथेच पडली असं मानतात ना? मी तो फोटो मोठा करकरून पाहिला. आणि खाली तुझा प्रश्न : ‘आता तरी सांग, पर्सुएशन की जेन एअर? दोन्ही म्हणायचं नाही.’

जेन ऑस्टिनची पर्सुएशन की शार्लट ब्राँटेची जेन एअर, कुठली कादंबरी जास्त जवळची, हा वाद हॉस्टेलच्या खोलीत सुरू झाला त्याला सव्वीस वर्षं झाली. तू पहिल्यापासून पर्सुएशनच्या नायिकेच्या, ॲनच्या बाजूची. मी दर वेळी ‘दोन्ही’ म्हणून वेळ मारून नेली. या महिन्यात ठरवून दोन्ही लागोपाठ वाचली. माझं उत्तर जेन आहे.

लगेच रागावू नकोस, पूर्ण वाच. पर्सुएशनवरचं माझं प्रेम तसूभरही कमी झालेलं नाही. बाथ शहरातल्या व्हाइट हार्ट या सराईतली ती खोली मला आपल्या घरातल्या खोलीसारखी दिसते. ज्याच्याशी ठरलेलं लग्न ॲनने आठ वर्षांपूर्वी मोडलं, तो कॅप्टन वेंटवर्थ टेबलाशी पाठमोरा बसून मित्राच्या कामाचं पत्र लिहितोय. खिडकीपाशी ॲन आणि कॅप्टन हार्विल बोलतायत, आशा संपल्यावरही जास्त काळ प्रेम कोण करतं, पुरुष की बाई. त्यांचं बोलणं चालू असताना तिकडे वेंटवर्थच्या हातून लेखणी खाली पडते. बस, एवढाच आवाज. पुढे हार्विल पुस्तकांचा दाखला देऊ लागतो, तेव्हा ती म्हणते की पुस्तकांचं नको सांगूस, लेखणी आजवर पुरुषांच्याच हाती होती. मग वेंटवर्थ निघून जातो, हातमोजे विसरल्याचं निमित्त करून परत येतो, कागदांच्या पसाऱ्याखालून एक पत्र काढून तिच्यापुढे ठेवतो आणि जातो. पत्त्याच्या जागी कसंबसं वाचता येईल असं ‘मिस ए. ई.’. आठ वर्षांचं सगळं साठलेलं त्या एका पानात. दर वेळी माझा घसा दाटून येतो, याही वेळी आला.

आणि हा शेवट जेन ऑस्टिनने आधी वेगळाच लिहिला होता, हे तुला माहीत आहे. तो तिला पुरेसा वाटला नाही. १८१६ चा उन्हाळा, तब्येत ढासळत चाललेली, तरी तिने लिहून झालेला शेवट बाजूला ठेवून नव्याने लिहिला. ती रद्द केलेली पानं ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पुढच्या जुलैत, एक्केचाळिसाव्या वर्षी ती गेली आणि पुस्तक डिसेंबरात आलं. छापलेलं तिने पाहिलंच नाही.

मग जेन का?

पर्सुएशन या शब्दाला मराठीत काय म्हणायचं, यावर आपण एक अख्खी रात्र घालवली होती. तू म्हणालीस ‘मनधरणी’. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. मनधरणी रुसलेल्याची करतात. आईमागे ॲनला सांभाळणारी लेडी रसेल, वेंटवर्थला नाही म्हणणं एकोणीस वर्षांच्या ॲनच्या ‘गळी उतरवते’. हे आपल्या घरांत कसं होतं ते आपल्याला पाठ आहे. कुणी आवाज चढवत नाही. भाजी निवडता निवडता, पाठीवरून हात फिरवत, ‘तुझ्या भल्याचंच सांगतेय गं’.

दिल्लीची फेलोशिप मिळाली होती तेव्हा मोठ्या आत्याने मला असंच समजावलं. एकटी मुलगी, परकं शहर, आईची तब्येत. तिच्या मायेत खोट नव्हती, आजही नाही. मी नकाराचं पत्र लिहिलं आणि पेटीत टाकायला तू माझ्यासोबत आलीस. पाकीट टाकण्याआधी तू माझं मनगट धरलं होतंस, एकदाच. बोलली काहीच नाहीस.

कादंबरीच्या शेवटी ॲन वेंटवर्थला सांगते की सल्ला चुकीचा होता, पण तो मानण्यात माझं चुकलं नाही. लेडी रसेल मला आईच्या जागी होती. तू या वाक्यावर जीव टाकतेस. मीही कित्येक वर्षं टाकला, कारण ते मला सोयीचं होतं, त्याने आत्यालाही माफी मिळत होती आणि मलाही. पण मेधा, ॲनला हे म्हणता येतं कारण वेंटवर्थ परत आला. ज्यांचं काहीच परत येत नाही, त्यांनी ते वाक्य कुठे ठेवायचं?

जेनला लेडी रसेल नाहीच. ती ज्याच्या घरी शिक्षिका आहे त्या रॉचेस्टरशी तिचं लग्न ऐन वेळी मोडतं, आणि तो तिला दक्षिण फ्रान्समध्ये, समुद्रकाठच्या घरात न्यायला निघतो. बायको जिवंत आहे, पण तुला कुणी नातेवाईक नाहीत, कुणाला दुखवायची भीती नाही, मग अडचण काय, असं तो विचारतो. तिचं स्वतःचं मनही तेच विचारतं : तुझी पर्वा आहे कुणाला? आणि ती म्हणते, मला आहे. जितकी एकटी, जितकी निराधार, तितका मी माझा जास्त मान ठेवीन. अठरा-एकोणीस वर्षांची पोर!

यानंतरचा तपशील मी या वेळी पहिल्यांदा नीट वाचला. पहाटे ती स्वयंपाकघरात जाऊन बाजूच्या दाराची किल्ली शोधते. मग तेलाची कुपी आणि एक पीस शोधते, किल्लीला आणि कुलपाला तेल लावते, आवाज होऊ नये म्हणून. थोडं पाणी, थोडा पाव घेते. पैशाच्या पिशवीत वीस शिलिंग. वर त्याच्या खोलीत तो येरझाऱ्या घालतोय हे तिने दारावरून येताना ऐकलंय. एवढा मोठा निर्णय आणि हातात काय, तर तेलात बुडवलेलं पीस. माझ्याने पुढे वाचवेना, मी पुस्तक मिटून अंगणात जाऊन आले.

तरी हा नकार सोपा म्हणावा असा दुसरा पुढे आहे. पळून आलेल्या जेनला आसरा देणारा सेंट जॉन वाईट माणूस नाही. तो मिशनरी म्हणून हिंदुस्थानात निघालाय, तिचं जर्मन सोडवून तिला हिंदुस्थानी शिकायला लावतो आणि सांगतो की देवाने तुला कष्टासाठी घडवलंय, प्रेमासाठी नाही. बहीण म्हणून येते, बायको म्हणून नाही, हे तिचं उत्तर. पण एका संध्याकाळी तो आवाज मऊ करून तिच्या डोक्यावर हात ठेवतो आणि ती जवळजवळ हो म्हणते. रॉचेस्टरच्या आकांतापुढे न वाकलेली जेन त्या हळुवार हातापुढे वाकायला येते. गळी उतरवणं म्हणजे काय, हे शार्लट ब्राँटेलाही पुरतं ठाऊक होतं. फरक इतकाच की तिची जेन त्या क्षणातून सुटून बाहेर पडते.

रॉचेस्टरच्या बायकोबद्दल, बर्थाबद्दल तू बोलणार, आणि बरोबरच बोलशील. जमैकाहून आणलेली ती बाई माळ्यावर कोंडलेली राहते आणि पुस्तक तिला तिची बाजू मांडायची संधी देत नाही. जीन ऱ्हिसला १९६६ मध्ये त्यासाठी वेगळी कादंबरी लिहावी लागली. हा डाग मी पुसत नाही. तो धरूनच माझी निवड आहे.

शार्लटला स्वतःला ऑस्टिन आवडली नाही याचं मला वाईट वाटतं. प्राइड अँड प्रेज्युडिस वाचून तिने १८४८ च्या जानेवारीत लिहिलं की ही कुंपण घातलेली, निगुतीने राखलेली बाग आहे, मोकळं रान नाही. पर्सुएशनमधली ती खाली पडलेली लेखणी तिला कुणी दाखवायला हवी होती.

आता एक काम कर. दक्षिणेकडचं फिरून झालं असेल तर उत्तरेला हॉवर्थला जा. ब्राँटे बहिणींच्या घराचं आता संग्रहालय आहे. तिथे त्यांचं जेवणाचं टेबल आहे. रात्री तिघी त्याच्याभोवती फेऱ्या घालत लिखाणाबद्दल बोलायच्या. एमिली आणि धाकटी ॲन पाच महिन्यांच्या अंतराने गेल्या. त्यानंतर शार्लट त्याच खोलीत एकटीच चालायची, रोज रात्री. त्या टेबलापाशी माझ्या वतीने थोडा वेळ उभी राहा. फोटो नाही काढलास तरी चालेल, मला पत्रात लिही.

तुझी,
नंदा