१ मे रोजी बंद मठाच्या दारात नेऊन उभं केल्याबद्दल तक्रार

अलिबाग, २६ मे

प्रति,
मा. व्यवस्थापक,
परदेश सहल विभाग

विषय: माँ-सें-मिशेलच्या एक दिवसाच्या सहलीत मठ आतून न दाखवल्याबद्दल पैसे परत मिळणे व माहितीपत्रक दुरुस्त होणेबाबत.

स. न. वि. वि.

एप्रिल-मेमधल्या तुमच्या युरोप सहलीला मी आणि माझे यजमान आलो होतो. हॉटेलं, जेवणखाण, बस यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. तक्रार एकाच दिवसाची आहे, १ मेची. त्या दिवशी पॅरिसहून साडेतीनशे किलोमीटर नेऊन तुम्ही आम्हा पती-पत्नींना आणि गटातल्या बाकीच्या सगळ्यांना एका बंद दारापुढे उभं केलंत. माँ-सें-मिशेल म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्याजवळचं खडकाळ बेट, आणि त्यावरचा मठ वर्षातून तीनच दिवस बंद असतो. १ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबर. त्यातला एक तुम्ही आमच्यासाठी ठरवलात.

माझ्या ई-मेलला तुमचं उत्तर आलं आहे. त्यात 'अपरिहार्य कारणाने स्मारक बंद असल्यामुळे' असं म्हणून तुम्ही फक्त प्रवेश तिकिटाची रक्कम परत देऊ केली आहे. ती मला मान्य नाही, आणि 'अपरिहार्य' हा शब्द तर मुळीच मान्य नाही. संप झाला असता, वादळ आलं असतं, तर मी एक अक्षर बोलले नसते. १ मेची सुट्टी आधीच्या वर्षीही होती आणि पुढच्या वर्षीही असणार आहे.

जानेवारीत दिलेल्या पहिल्या कार्यक्रमात ३० एप्रिलला माँ-सें-मिशेल होतं आणि १ मेला लूव्र संग्रहालय. मार्चमध्ये तुम्ही हे दोन दिवस आपसांत बदललेत. का, तर लूव्र १ मेला बंद असतं. म्हणजे त्या दिवशी फ्रान्समध्ये कामगार दिनाची सुट्टी असते हे तुमच्या कार्यालयात कोणाला तरी ठाऊक होतं. एका जागेचं पाहिलंत आणि दुसरीचं पाहिलं नाहीत. मठाच्या वेळापत्रकात हे तीन दिवस स्पष्ट दिलेले असतात, पाहायला दोन मिनिटं पुरतात. मीही पाहायला हवं होतं, असं माझी मुलगी म्हणते. पण ते पाहण्यासाठीच तर तुम्हाला पैसे दिले होते.

ही जागा माझ्यासाठी यादीतलं एक नाव नव्हती, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. अव्राँशचा बिशप ओबेर याने ७०८ साली त्या खडकावर देवदूत मिशेलचं पहिलं छोटं देऊळ बांधलं असं परंपरा सांगते. ९६६ मध्ये बेनेडिक्टाइन पंथाचे ख्रिस्ती साधू तिथे राहायला आले आणि १०२३ पासून शिखरावरच्या मोठ्या चर्चचं काम सुरू झालं. खडकाचं टोक सपाट न करता त्याच्या भोवतीने तळघरासारखी खालची चर्चं रचून वरच्या चर्चला बैठक दिली आहे, दगड शोझे बेटांवरून होडीने आणलेला. १४२१ मध्ये चर्चचा पूर्वेकडचा भाग कोसळला, तो पुन्हा उभा राहायला पुढचं शतक उजाडलं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर त्या मठाचा तुरुंग झाला, तो १८६३ पर्यंत. कैद्यांना आत चालायला लावून सामान वर ओढणारं लाकडी चाक अजून तिथे आहे. मला ते चाक पाहायचं होतं. त्याहून जास्त पाहायचं होतं ते १२२८ च्या सुमाराचं प्रांगण, बारीक खांबांची दुहेरी रांग असलेलं, तीन मजली इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर, समुद्राच्या बाजूला. बुकिंग करताना मी लेखी विचारलं होतं की ते प्रांगण बघायला मिळेल ना. 'हो, मठाचं आतून दर्शन समाविष्ट आहे' असं तुमचं उत्तर माझ्याकडे आहे. प्रत सोबत जोडली आहे.

यजमानांचे गुडघे दुखतात. मठात जायला साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले की सराव करतो. जानेवारीपासून दर रविवारी आम्ही अलिबागजवळच्या कनकेश्वरच्या डोंगरावर पायऱ्या चढायला जात होतो. आधी वाटेतल्या 'देवाच्या पायरी'पर्यंतच, मग हळूहळू वर, बसत बसत. एप्रिलच्या पहिल्या रविवारी ते पहिल्यांदा मध्ये फारसं न थांबता देवळापर्यंत पोचले. त्या दिवशी त्यांना झालेला आनंद मी पाहिला आहे.

१ मेला पहाटे उठून सातला निघालो. हॉटेलबाहेर कोपऱ्यावर एक बाई पांढऱ्या घंटीसारख्या फुलांच्या लहान जुड्या विकत होती. तिकडे १ मेला ती फुलं एकमेकांना देतात. दुपारी बाराच्या सुमारास वाहनतळावर उतरलो, तिथून अडीच किलोमीटर शटल बस, मग तटबंदीचा दरवाजा, मग ती दुकानांची अरुंद चढी गल्ली. गर्दी इतकी की खांद्याला खांदा लागत होता. यजमान माझा हात धरून एकेक पायरी चढले. वर मठाच्या प्रवेशापाशी लोखंडी दार लावलेलं आणि त्यावर एक छापील कागद. टूर मॅनेजर तो वाचत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. 'फेर्मे' एवढंच तो म्हणाला. बंद. यजमान काही बोलले नाहीत. बाजूच्या भिंतीच्या ग्रॅनाइटवर हात टेकून थोडा वेळ उभे राहिले आणि मग म्हणाले, 'चल, खाली जाऊ.'

त्या टूर मॅनेजरला तुम्ही यात दोषी धरू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. पंचविशीतला मुलगा, तारीख त्याने ठरवली नव्हती. आमच्यासमोर तो तुमच्या चोवीस तासांच्या मदत क्रमांकावर फोन लावत राहिला. कोणी उचलला नाही. तुमच्या कार्यालयालाही त्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी होती.

दुसरा मुद्दा भरतीचा. तुमच्या माहितीपत्रकावर चोहोबाजूंनी पाण्याने वेढलेल्या बेटाचं चित्र आहे आणि खाली लिहिलं आहे, 'समुद्रातल्या मठाचं हे दृश्य प्रत्यक्ष अनुभवा.' आम्ही तिथे बारा ते साडेतीन होतो आणि चारी बाजूंना नजर पोचेल तिथपर्यंत ओली वाळू होती. मी अलिबागची आहे. आमच्या समुद्रातल्या कुलाब्याच्या किल्ल्यात चालत जायचं तर आम्ही लहानपणापासून आधी ओहोटी बघतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हे माझ्या आजीने मला शिकवलं. आमच्याकडे उधाणाची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती दुपारी बाराच्या आसपास येते. तिकडे उलट आहे. मोठं उधाण असेल तेव्हा पाणी सकाळी आणि रात्री आठ-नऊच्या सुमाराला चढतं, आणि भर दुपारी समुद्र कित्येक किलोमीटर मागे गेलेला असतो. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या दिवसांत भरती दुपारी येते खरी, पण ती बेटापर्यंत पोचतच नाही. बेट चहूकडून वेढलं जातं ते उधाणाच्या मोजक्याच दिवशी. त्या खाडीत भरती-ओहोटीचा फरक चौदा मीटरच्या घरात जातो, आमच्याकडे साडेचार-पाच मीटर पाणी चढलं की सगळीकडे इशारे लागतात. अशा ठिकाणी भरतीची वेळ न बघता लोकांना नेणं मला समजू शकत नाही. दुपारी बाराला पोचवून साडेतीनला परत फिरवणाऱ्या सहलीत ते चित्र कोणालाच दिसणार नाही. ते पाहायचं तर एक रात्र तिथे किंवा जवळ राहायला हवं, आणि तारीख भरतीच्या तक्त्यावरून ठरवायला हवी. हे जमत नसेल तर चित्र काढून टाका.

माझ्या मागण्या अशा. ही सहल मुख्य शुल्काव्यतिरिक्त ऐच्छिक म्हणून घेतली होती, दोघांचे मिळून ३८० युरो. ते पूर्ण परत मिळावेत. बसमध्ये येऊन-जाऊन नऊ तास गेले ते मठासाठी, गल्लीतली दुकानं बघण्यासाठी नाही, त्यामुळे फक्त तिकिटाचे पैसे देऊन हा हिशोब मिटत नाही. गटातल्या इतरांनाही मागायला न लावता हीच रक्कम द्यावी. त्यात दोन आजीआजोबा असे आहेत की ज्यांना ई-मेल लिहिता येत नाही. आणि माहितीपत्रकातला मजकूर दुरुस्त करून त्याची प्रत मला पाठवावी.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं. न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही कारणांसाठी मी जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करेन. ग्राहक राहतो तिथे ती करता येते, आणि आयोगाचं कार्यालय आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तशी वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं, कारण तुमच्याबरोबर आम्ही याआधी तीनदा गेलो आहोत आणि आमच्या सांगण्यावरून आमचे शेजारीही आले आहेत.

एक गोष्ट मात्र पंधरा दिवस थांबू नये. काल तुमचा पुढच्या वर्षीचा कार्यक्रम पाहिला. माँ-सें-मिशेलपुढे पुन्हा १ मेच छापलेला आहे. लोकांनी पैसे भरायच्या आत ती तारीख बदला.

आपली विश्वासू,
(सही)
गटातील एक प्रवासी

सोबत: जानेवारी आणि मार्चचे कार्यक्रम, आपल्या लेखी उत्तराची प्रत, ऐच्छिक सहलीची पावती, दारावरच्या सूचनेचा फोटो.