नाण्यांच्या घोडेस्वाराला आळशी म्हणू नये

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत टॅरो पत्त्यांवरून साप्ताहिक भविष्य येते. गेल्या रविवारी त्यात ‘नाइट ऑफ पेंटॅकल्स’, म्हणजे नाण्यांचा घोडेस्वार, या पत्त्याचा अर्थ ‘आळस, मंदपणा, रखडलेली कामे’ एवढाच दिला होता. मी भविष्य सांगणारा नव्हे, कोरडवाहू शेती करणारा माणूस आहे. परंतु मुलीने पुण्याहून आणलेला टॅरोचा संच आमच्या घरी आहे आणि हा पत्ता मी इतक्या वेळा निरखला आहे की त्याचा असा अर्थ वाचून गप्प राहवले नाही.

टॅरोच्या ७८ पत्त्यांपैकी १६ पत्ते दरबारी असतात. आपल्या नेहमीच्या पत्त्यांत प्रत्येक रंगाला गुलाम, राणी आणि राजा असे तिघे, सावंतवाडीच्या गंजिफा या जुन्या पत्त्यांत राजा आणि प्रधान असे दोघे. टॅरोत मात्र दंड, तलवारी, चषक आणि नाणी या चार रंगांना प्रत्येकी सेवक, घोडेस्वार, राणी आणि राजा असे चौघे असतात. आज सर्वाधिक वापरला जाणारा संच १९०९ साली लंडनमध्ये निघाला. त्याची आखणी आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. तिने चारही घोडेस्वार शेजारी ठेवून पाहण्यासारखे काढले आहेत. दंडांचा घोडा पुढचे पाय उचलून उभा राहिला आहे, तलवारींचा चौखूर उधळला आहे, चषकांचा संथ पावले टाकतो आहे. नाण्यांचा एकटाच चारही पाय जमिनीवर रोवून उभा आहे. आळसाचा अर्थ बहुधा या उभे राहण्यावरूनच काढला गेला असावा.

पण त्या घोड्याच्या मागे काय आहे, हे कोणी पाहावे की नाही? मागे नांगरलेले शेत आहे, त्यातली तासे स्पष्ट दिसतात. घोडा काळा आणि जड अंगाचा आहे, त्याच्या पाठीवर तांबडी झूल आहे. स्वाराच्या शिरस्त्राणावर हिरव्या पानांचा तुरा आहे आणि तसाच तुरा घोड्याच्या डोक्यावरही आहे. पोळ्याच्या दिवशी बैल सजवणाऱ्या घरात हे चित्र परके वाटत नाही. स्वाराने नाणे हातात धरले आहे, परंतु वेट यांनीच नोंदवल्याप्रमाणे तो त्या नाण्यात पाहत नाही.

उन्हाळवाही, म्हणजे उन्हाळ्यातली नांगरणी-वखरणी, झालेल्या शेताच्या बांधावर उभा असलेला माणूस आमच्याकडे दर जूनमध्ये दिसतो. मृग लागले, एक सर पडून गेली, शेजाऱ्याने पेरणीची तिफण काढली, तरी तो थांबतो. कारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये असे कृषी विभाग सांगतो आणि चिखल झालेल्या काळ्या जमिनीत वाफसा, म्हणजे काम करण्याजोगी ओल, आल्याशिवाय वखरही चालत नाही. घाईने पेरून पावसाने दडी मारली की दुबार पेरणी येते, आणि दुसऱ्यांदा बियाणे घ्यायला पैसा कुठून आणायचा हा प्रश्न आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कोरडवाहू घरांना समजावून सांगावा लागत नाही. एका सालाचे बियाणे मी स्वतः अशा घाईत घालवले आहे. अशा वेळी थांबणाऱ्याला आळशी म्हणवत नाही.

वेट यांनी या पत्त्याचे सुलट अर्थ उपयुक्तता, जबाबदारी आणि सचोटी असे दिले आहेत. निष्क्रियता, आळस, साचलेपण हे अर्थ पत्ता उलटा आला तर सांगितलेले आहेत. म्हणजे आपल्या सदरात उलट्या पत्त्याचा अर्थ सुलट पत्त्याला लावला गेला.

टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळण्यासाठी तयार झाले. त्यांवरून भविष्य सांगण्याची प्रथा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये रुजली. त्यांच्यात भविष्य कळण्याची शक्ती आहे असे मी मानत नाही. अर्थ माणसांनी चित्रांना दिले, म्हणूनच ते सांगताना चित्र समोर असले पाहिजे. गावोगावी हे सदर वाचणारी पोरे आहेत, आणि बापासोबत शेतात राबणाऱ्या पोराला त्याची चिकाटी ‘मंदपणा’ म्हणून छापलेली दिसावी, हे मला बरे वाटत नाही.

तेव्हा विनंती अशी की येत्या पुरवणीत या पत्त्याचे चित्र छापावे, त्याचे सुलट आणि उलट अर्थ वेगवेगळे द्यावेत, आणि चित्र एवढे मोठे असावे की घोड्यामागची तासे दिसतील.

आपला नियमित वाचक,
एक शेतकरी
ता. दारव्हा, जि. यवतमाळ