‘दमू नका’ एवढ्याने भागत नाही

महोदय,

जन्मतः हृदयदोष असलेल्यांना वर्षानुवर्षे एकच सल्ला मिळत आला आहे : दमायचं नाही. शंभरात साधारण एका बाळाला असा दोष असतो. वेळेवर उपचार मिळाले तर त्यांतले बहुतेक जण मोठे होतात, पण मनात धास्ती घेऊनच. माझ्या धाकट्या बहिणीला घरच्यांनी धावू दिलं नाही; आता तिशीत तिचं वजन आणि रक्तदाब दोन्ही वाढलेत, याचं मला फार वाईट वाटतं.

युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजी या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की, अशा रुग्णाच्या प्रत्येक भेटीत व्यायामाचा विषय निघावा आणि ज्याला जो झेपेल तो व्यायाम ठरवून द्यावा. काही मिनिटं चांगली धाप लागेल असा जोर, मग संथ हालचाल, पुन्हा जोर, असा व्यायामही तपासणीनंतर अनेकांना करता येतो. फुफ्फुसांतला रक्तदाब खूप वाढलेला असेल, महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) रुंदावलेली असेल किंवा ठोके अनियमित असतील तर मात्र तज्ज्ञाचाच शब्द अखेरचा. किती श्रम होताहेत हे ठरवायला नुसत्या नाडीवर विसंबणंही चूक, कारण बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद ठेवणारी औषधं) घेणाऱ्यांची नाडी फारशी वाढत नाही. तिथे बोर्ग मापक, म्हणजे स्वतःला जाणवणाऱ्या दमाला ६ ते २० पैकी गुण देणं, जास्त खरं.

डॉक्टरांना कळकळीची विनंती : फाइलवर ‘श्रम टाळा’ लिहून थांबू नका. कोणता व्यायाम, किती वेळ, कुठे थांबायचं, तेही लिहून द्या.

– एक वाचक