चेक दिला तर वजावट, चित्र दिले तर नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात (आमच्या पिढीच्या तोंडी अजून ‘प्रिन्स ऑफ वेल्स’च बसले आहे) गेलात, तर वस्तूंबरोबर तिथली देणगीदारांची नावेही वाचा. सर रतन टाटा, सर दोराबजी टाटा, कार्ल आणि मेहेरबाई खंडालावाला. १९०५ साली हे संग्रहालय उभारायचे ठरले तेव्हा करीमभाई इब्राहिम यांनी तीन लाख आणि कावसजी जहांगीर यांनी पन्नास हजार रुपये दिले, त्यात सरकारचे आणि नगरपालिकेचे पैसे पडले. पण इमारत झाली म्हणजे संग्रहालय झाले असे नव्हे. रतन टाटा १९१८ मध्ये वारले, त्यांचा संग्रह इथे आला. मग १९३३ मध्ये दोराबजींचा आला. या दोघा भावांनी जमवलेले बाजूला काढले, तर युरोपीय चित्रांची आणि चीन-जपानच्या वस्तूंची दालने बरीचशी रिकामी होतील.

पुण्यात तर एकट्या माणसाचे देणे आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करणाऱ्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव फिरून वीस हजारांवर वस्तू गोळा केल्या, त्या संग्रहाला लहानपणीच वारलेल्या आपल्या ‘राजा’ या मुलाचे नाव दिले आणि १९७५ मध्ये सगळे राज्य शासनाच्या हवाली केले. तिथले अडकित्ते बघावेत. सुपारी कातरायचे साधे हत्यार, पण त्याला घोड्याचे, जोडप्याचे रूप दिलेले. शेजारी पाय घासायच्या पितळी वज्र्या, त्यांच्या माथ्यावर नक्षीच्या आकृती. अशा वस्तू कुठलेही सरकारी खाते निविदा काढून विकत घेणार नाही. कोणाच्या तरी माळ्यावरून त्या खाली याव्या लागतात.

पत्र लिहिण्याचे कारण मात्र माझ्या जुन्या व्यवसायातले आहे. मी निवृत्त करसल्लागार. वाडा पाडून इमारत करायची वेळ आली की अशील जागेचे कागद घेऊन यायचे आणि जाता जाता विचारायचे, “घरात आजोबांच्या वेळची चित्रं आहेत, त्यांचं काय करावं?” एका सद्गृहस्थांकडे चांगली लघुचित्रे होती. मुले परदेशात, भिंती नव्या फ्लॅटच्या. त्यांना ती संग्रहालयाला द्यायची होती. त्यांनी सरळ विचारले, “ऐंशी-जीमध्ये बसेल ना?” मी म्हटले, नाही. देणगीची रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करू देणाऱ्या, आयकर कायद्याच्या ८० जी या कलमात स्पष्ट लिहिले होते की देणगी पैशाच्या रूपात असेल तरच वजावट. (त्यातही रोखीने दोन हजारांपर्यंतच, पुढे चेक.) ते हसले. “म्हणजे चित्रं बाजारात विकली, पैसे आले आणि ते संग्रहालयाला दिले, तर वजावट?” हो. विक्रीवर भांडवली नफ्याचा कर भरायचा, उरलेल्यातून चेक द्यायचा आणि त्याची पावती दाखवून वजावट घ्यायची. संग्रहालयाला चित्र मिळणार नाही, पैसे मिळतील, आणि त्या पैशात तेच चित्र त्यांना पुन्हा विकत घेता येणार नाही. चित्रे शेवटी कुठे गेली ते मी विचारले नाही.

कोणी म्हणेल, दान करणारा वजावटीकडे बघून करतो का? बघतोही आणि नाहीही. टाटांनी बघितले नसेल. पण मध्यमवर्गीय घरात चार वारस असतात. त्यातला एक जण “विकून टाकू” म्हणत असतो, तेव्हा दान करू पाहणाऱ्याच्या बाजूला निदान कायदा तरी हवा. कायद्याने इथे अगदीच अडवले आहे असेही नाही. सरकारला, विद्यापीठाला, राष्ट्रीय किंवा अधिसूचित संग्रहालयाला कलावस्तू दिली, तर भांडवली नफा धरत नाहीत. म्हणजे शिक्षा नाही, पण शाबासकीही नाही. ज्यांनी नवी करप्रणाली स्वीकारली आहे त्यांना तर चेकवरही काही मिळत नाही, तो वेगळा विषय.

दान दिलेल्या वस्तूच्या किमतीवर वजावट द्या, या मागणीवर ठरलेला आक्षेप असतो की चित्राची किंमत ठरवायची कशी, लोक फुगवून लावतील. आक्षेप खोटा नाही. पण हेच आयकर खाते दुसऱ्या टेबलावर काय करते ते बघा. नातेवाईक नसलेल्या मित्राने तुम्हाला पन्नास हजारांहून जास्त किमतीचे चित्र भेट दिले, तर ती किंमत तुमच्या उत्पन्नात धरून कर लावण्याची तरतूद २००९ पासून आहे. तिथे बाजारभाव काढायचे नियम आहेत, नोंदणीकृत मूल्यांकनकार आहेत, त्यांचा अहवाल चालतो. कर घ्यायचा असेल तेव्हा किंमत ठरते, सवलत द्यायची म्हटली की ती ठरवता येत नाही, हे कसे? अमेरिकेतही फुगवाफुगवी झाली, म्हणून तिथल्या कर खात्याने १९६८ पासून कलातज्ज्ञांची समिती नेमली. दावे ती तपासते. सवलत बंद केली नाही.

ब्रिटनमध्ये २०१३ पासून महत्त्वाची कलावस्तू राष्ट्राला दिली, तर तिच्या किमतीच्या ३० टक्क्यांपर्यंत कर माफ होतो, कंपनीला २० टक्क्यांपर्यंत. फ्रान्सने १९६८ मध्ये वारसा कर कलाकृतींनी भरायची सोय केली. पिकासोच्या वारसांनी तसा तो भरला आणि त्यातूनच १९८५ मध्ये पॅरिसचे पिकासो संग्रहालय उघडले. आपल्याकडे वारसा कर १९८५ मध्येच गेला, तेव्हा ती वाट आपल्याला नाही. आपल्याला आयकरातूनच जावे लागेल.

१९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा आयकर कायदा आणला, कलमांचे आकडे बदलले, भाषा सोपी केली. तेव्हाच हे सुधारता आले असते. आता निदान पुढच्या अर्थसंकल्पात एवढे व्हावे: सार्वजनिक संग्रहालयाने रीतसर स्वीकारलेल्या आणि आपल्या नोंदवहीत चढवलेल्या कलावस्तूच्या किमतीवर वजावट द्यावी. किंमत दोन स्वतंत्र मूल्यांकनांपैकी कमी असेल ती धरावी. संग्रहालयाने ती वस्तू ठरावीक वर्षे विकू नये. आणि संग्रहालयाला नाही म्हणायचा हक्क असावा, कारण ठेवायला जागा नसताना घेतलेली वस्तू गोदामात वाळवीच्या तोंडी जाते. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याखाली १९७६ पासून अनेक घरांतल्या मूर्तींची नि चित्रांची नोंद छायाचित्रासह झालेली आहे, तेव्हा वस्तू कोणाची हे शोधायला फार लांब जावे लागणार नाही.

राज्याच्या खासदारांपैकी कोणी हा प्रश्न लोकसभेत विचारला, तर त्यांना लागतील ती कलमे काढून द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक निवृत्त करसल्लागार, पुणे